हळू बोललेलं

१

सकाळी नऊपर्यंत माझं वर्तमानपत्र लाल पेनाने वाचून होतं. चूक दिसली की खूण करायची, फारच संताप आला तर संपादकाला फोन लावायचा. हल्ली तो उचलत नाही. मग मी मागच्या खोलीत जातो, दिवा लावतो, वायरी जोडायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवतो आणि खिडकीकडे तोंड करून बसतो. बत्तीस वर्षं वार्ताहर म्हणून काढल्यावर माणसाला रोज भांडायला कोणीतरी लागतं. सध्या मी गिटारच्या पेडलशी भांडतो.

पेडल म्हणजे वाजवणाऱ्याने पायाशी ठेवायची पत्र्याची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते. मधल्या मधे आवाजाचं काय करायचं ते डबी ठरवते. माझी मुलगी एका बँडमध्ये गिटार वाजवते. घरात तिला ठिणगी म्हणतात आणि ते का, हे तिच्याशी दोन मिनिटं बोलल्यावर कोणालाही कळतं. तिचं दुकानातून आणलेलं एक पेडल बिघडलं म्हणून मी ते उघडलं, तर आतल्या चिपवरचे आकडे घासून काढलेले! कोणाला कळू नये, कोणी विचारू नये म्हणून! माझं डोकंच फिरलं. या घरात यापुढे पेडल विकत येणार नाही, असं मी त्याच दिवशी जाहीर केलं.

त्याला दोन वर्षं झाली. सहा पेडलं बनवली. चार चालतात. उरलेली दोन ठिणगीने दाराला अडसर म्हणून लावली आहेत, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

सातवं होतं एन्व्हलप फिल्टर. त्याची गंमत अशी की तार हळू छेडली तर आवाज मिटल्या तोंडातून आल्यासारखा येतो, आणि जोरात छेडली तर तोंड उघडतं. ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत. गिटार बोलतेय असंच वाटतं. डबीतला एक भाग सतत एवढंच पाहत असतो, की आवाज किती मोठा आहे. मोठा असेल तर एक बारीक दिवा पेटतो. दिव्यासमोर उजेड ओळखणारा एक तुकडा असतो, तो फिल्टर उघडतो. लहान आवाजाला दिवा पेटत नाही. डबीच्या लेखी तो आवाज झालेलाच नसतो.

ठिणगीला ते रविवारच्या कार्यक्रमात हवं होतं. “मी स्टेजवरून सांगणार आहे, हे माझ्या बाबाने बनवलंय म्हणून,” ती म्हणाली. “तेव्हा नाक कापू नकोस.”

खोलीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत माझ्या एका जुन्या बातमीचं कात्रण आहे. ठिणगीने शाळेत असताना लावलेलं. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. उजेड खिडकीकडून बरा येतो.

२

सोमवारी सगळी जुळणी झाली, फक्त आवाज ओळखणारा भाग नीट चालेना. दिवा एकदा पेटला की विझायचं नाव घेईना. मी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला आम्ही गिऱ्हाइकं ‘खोक्या’ म्हणतो. त्याच्या दुकानात खोक्यांवर खोकी आहेत आणि मागाल ती वस्तू नेहमी सगळ्यांत खालच्या खोक्यात असते.

“हा भाग आता येत नाही, साहेब.”

“का येत नाही? बंद कोणी केला?”

“झालं सुरू. मी काय मंत्री आहे का?” त्याने माझी डबी उलटीसुलटी करून पाहिली. “तुम्ही पेपरवाले ना? मग तुमच्याकडे जुना रेकॉर्डर असणारच. तो हो, आवाज आला की आपोआप चालू, आवाज थांबला की बंद. त्यात हेच असतं. कापून काढा आणि लावा इथे.”

“माझ्याकडे नाही.”

“बत्तीस वर्षं काय कान टोचून घेतले नुसते?” तो हसला.

रेकॉर्डर होता. कपाटाच्या तळच्या खणात, एका जुन्या रुमालात गुंडाळून. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी ‘नाही’ का म्हणालो, याचा विचार घरी पोहोचेपर्यंत मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो बाहेर काढला. आत कॅसेट नव्हती, ती मी मागेच वेगळी ठेवली होती. स्क्रू काढले. आवाज ओळखणारा भाग अंगठ्याच्या नखाएवढा होता. करवतीच्या बारीक पात्याने तो कापून घेतला, चार वायरींनी जोडला, आणि दिवा पहिल्याच झटक्यात शहाण्यासारखा वागला. ठिणगी शेजारी उभी होती. म्हणाली, “वा, बाबा!”

मग तिने तार जोरात छेडली. दिवा विझला.

३

“उलटं झालंय,” मी म्हणालो. “डायोड उलटा लागला.”

“तू परत चष्मा न लावता डाग देतोयस.”

चष्मा लावला. डायोड सुलटा होता. मी तो काढून तपासला, परत लावला. तार जोरात छेडली की अंधार. नखाच्या टोकाने नुसती शिवली की दिवा लख्ख. मिटलेलं तोंड उघडायचं ते फक्त हळू आवाजाला.

ठिणगीला ते फारच आवडलं. “कोणाकडेच नसेल असं! असंच ठेव.” ती सरावाला निघून गेली. मी मात्र अडून बसलो. यंत्र चुकतं तेव्हा त्यामागे कारण असतं, आणि कारण शोधल्याशिवाय मी उठत नाही. मी गिटारची वायर काढली, आता आत काहीच जात नाही याची खात्री केली आणि मीटर घ्यायला वळलो.

वळून पाहतो तर दिवा पेटत-विझत होता.

आधी वाटलं, घरातल्या विजेची गुरगुर आत शिरतेय. पण गुरगुर एकसारखी असते. हा दिवा मधेच थांबायचा, मग चार-पाचदा भराभर लुकलुकायचा, मग एकदा लांब. मी मोबाइल बंद केला. फ्रिज बंद केला. शेवटी घराचा मेन स्विचच पाडला. पेडल नऊ व्होल्टच्या बॅटरीवर होतं. दुपारचा एक वाजला होता, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, समोरच्या इमारतीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं. आणि दिवा चालूच होता.

मी आयुष्यभर टेपवरची बोलणी कागदावर उतरवली आहेत. रेकॉर्डरवरची हलती सुई पाहून, आवाज न ऐकता, मी सांगू शकायचो की प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं. बोलण्याला एक चाल असते. समोरचा दिवा त्या चालीत होता. लुकलुक, थांबा, लुकलुक. मधेमधे सलग मोठा अंधार. त्या अंधाराची लांबी मला ओळखीची वाटली. आठ-दहा सेकंद, मग एक ठोका थांबून पुन्हा दोन सेकंद. मी प्रश्न विचारतो तो असाच. आधी लांबलचक आरोप, आणि मग शेवटी ‘बोला, खरं की नाही?’

हे हास्यास्पद आहे, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. मी बोलत असेपर्यंत दिवा विझलेला राहिला.

मग, पुराव्याशिवाय काही मानायचं नाही ही सवय म्हणून, मी हातातलं घड्याळ काढलं आणि दिवा पेटता असेल तेवढाच वेळ मोजला. सगळं थांबलं तेव्हा बेरीज एकवीस मिनिटं होती.

मी घड्याळ टेबलावर पालथं घातलं.

४

आता हे सांगावंच लागेल. अकरा वर्षं मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

शहराच्या एका भागात नळाचं पाणी पिऊन मुलं आजारी पडली होती. दोन गेली. पाणी ‘पिण्यास योग्य’ असल्याचा दाखला प्रयोगशाळेने दिला होता, आणि त्यावर पाणी तपासणाऱ्या एका बाईंची सही होती. मी त्यांना गाठायला गेलो. लहानशी खोली, कपाटभर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तारीख. बाई पन्नाशीच्या. त्या इतक्या हळू बोलायच्या, की जणू त्या बाटल्या नुकत्याच झोपल्या आहेत. बोलण्याआधी त्या डाव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर ठेवायच्या, काहीतरी डुचमळतंय आणि ते स्थिर करायचंय, तशी.

मी रेकॉर्डर समोर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“मी हळू बोलते,” त्या म्हणाल्या. “एवढं हळू बोललेलं येतं का यात?”

“येतं, येतं. बोला तुम्ही.”

रेकॉर्डरच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवला की आवाज मोठा असेल तेव्हाच टेप फिरते, नाहीतर थांबते. आमच्या कचेरीत सगळ्यांचा खटका कायम सरकवलेला असायचा. टेप वाचते, आणि उतरवून घेताना माणसांचं ‘अं… म्हणजे…’ ऐकत बसावं लागत नाही. आम्हांला त्याचा अभिमान होता, वेळ वाचवतो म्हणून. त्या दिवशीही तो सरकवलेला होता.

कचेरीत येऊन टेप लावली. माझे प्रश्न होते. एकामागून एक, गरजणारे, सुंदर प्रश्न. मधे काहीच नव्हतं. टेप एकोणीस मिनिटांत संपली. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे मी तिथे चाळीस मिनिटं बसलो होतो.

हे मला तेव्हाच कळलं. दुपारचे दोन वाजले होते. माझ्याकडे त्यांचा फोन नंबर होता आणि अंक छापायला जायला सात तास होते.

मी लिहिलं, ‘या प्रश्नावर त्या गप्प राहिल्या.’ बातमीत ते वाक्य तीनदा आलं. मथळा होता ‘सही आहे, उत्तर नाही’. त्या वर्षीची सगळ्यांत गाजलेली बातमी. पंधरा वर्षांच्या ठिणगीने ती कापून काचेत घातली. माझा बाबा कोणालाही घाबरत नाही, असं ती शाळेत सांगायची.

आठवड्याने बाईंचं पत्र आलं. दोनच ओळी. ‘मी गप्प नव्हते. तुमच्या यंत्रात पाहावे.’ संपादकाने मला बोलावलं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, टेप आहे माझ्याकडे, ज्याला शंका असेल त्याने ऐकावी. त्याने ऐकली. मान डोलावली. बाईंची नोकरी गेली, दोषी सापडला म्हणून चौकशी आटोपली, आणि दोनेक वर्षांनी त्या वारल्याचं मला दुसऱ्याच कामासाठी फोन करताना कळलं.

एवढं करून भागलं नाही. मी ज्याला त्याला विचारत फिरलो, उत्तर का देत नाही, गप्प का बसता. माझ्या नावाला त्यानेच धार होती.

त्या काय म्हणाल्या होत्या, हे मला माहीत नाही. मी विसरलो असं नाही. मी समोर बसून त्यांचे ओठ हलताना पाहत होतो आणि मनात पुढचा प्रश्न जुळवत होतो. ऐकायचं काम मी यंत्रावर सोपवलं होतं.

५

बुधवारी मी पेडल पायाशी ठेवून त्याला छोटा स्पीकर जोडला. गिटार नाही, काही नाही. कोणत्याही सर्किटमध्ये असते तशी बारीक खरखर आली, पाऊल घासल्यासारखी. दिवा पेटला की फिल्टर उघडायचा आणि त्या खरखरीला आकार यायचा. अ. ए. पुन्हा अ. मग लांब आ.

वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून आणि छपाईच्या यंत्रांशेजारी उभं राहून माझे कान गेले आहेत. बारीक आवाज मला येत नाहीत. शब्दांमधले स्वर कळतात, व्यंजनं गळून पडतात. मी स्पीकरला कान चिकटवला. अ, ए, अ, आ. पाठीमागच्या काचेत माझी बातमी होती. मी डोळे मिटले.

हा योगायोग आहे. खरखरीत माणसाला आवाज ऐकू येतात, ढगांत चेहरे दिसतात. मीच असल्या बातम्यांची टर उडवलेली आहे. मी डोळे उघडले आणि टेबलाची पलीकडची कड पाहिली. तिकडे स्टूल असतं, कोणी आलं तर बसायला. कडेवर दोन-तीन दिवसांची धूळ होती, सोल्डरच्या धुराने चिकट झालेली. धुळीत दोन गोल जागा स्वच्छ होत्या. शेजारी शेजारी. बोटांच्या टोकांएवढ्या.

ठिणगीची बोटं असतील. ती तिथे बसते. पण ठिणगी बसली की दोन्ही कोपरं पसरून बसते.

मी फडक्याने कड पुसली. दिवा भराभर लुकलुकायला लागला होता, घाईघाईने, संपत आलेल्या वेळात काहीतरी पुरं करायचं असल्यासारखा. माझा पाय खाली पेडलच्या बटणावर गेला. मी ते दाबलं. मधेच. वाक्याच्या मधे दाबलं, हे मला दिव्यावरून कळत होतं, आणि तरी दाबलं.

संध्याकाळी ठिणगीला सांगितलं, “रविवारी जमणार नाही. तो भागच सडका निघाला.”

“काल तर झकास होता.”

“मी सांगतोय ना, नाही जमणार! प्रत्येक गोष्टीत उलटून विचारायलाच हवं का?”

“बाबा,” ती म्हणाली, “हे तू बोलतोयस?”

६

शनिवारी दुपारी मी खोक्याकडे गेलो, दुसरा कुठलाही भाग चालेल म्हणून. तो कापलेला तुकडा काढायचा, ठेचायचा आणि टाकून द्यायचा, एवढं मी ठरवलं होतं. परत आलो तर मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ठिणगी माझ्या खुर्चीवर बसली होती. पेडल टेबलावर, स्पीकर जोडलेला. गिटार तिने भिंतीला टेकवून ठेवली होती.

“सडका भाग म्हणे,” ती वर न बघता म्हणाली. “काय खोटं बोलतोस रे! अरे, हे रेडिओ पकडतंय. एक बाई बोलतेय.”

“बंद कर ते.”

“थांब ना. फार हळू बोलतेय.” तिने स्पीकरकडे कान नेला आणि तिला हसू आलं. “विचारतेय, ‘एवढं हळू बोललेलं येतं का यात?’ अगदी आपल्यालाच विचारल्यासारखं.”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. ठिणगी स्पीकरवर ओणवली आणि लहान मुलांशी फोनवर बोलावं तशी, गमतीने म्हणाली, “येतं, येतं. बोला तुम्ही.”

हे शब्द मी तिला कधी सांगितले नव्हते. कोणालाच सांगितले नव्हते.

दिवा पेटला आणि या वेळी लुकलुकला नाही. पेटलेलाच राहिला. मला फक्त खरखर येत होती, उघडणारी, मिटणारी. ठिणगीचं हसू आधी तसंच राहिलं, चेहऱ्यावर विसरल्यासारखं. मग ते गेलं. ती समोरच्या स्टुलाकडे पाहत होती. आपण फोनवर बोलताना भिंतीकडे पाहतो, तसं नाही. समोर बसलेल्या माणसाचं ऐकताना जिथे पाहतो, तिथे. मधेच तिने मान हलवली. एकदा म्हणाली, “हो.” थोड्या वेळाने अगदी बारीक, “कोणी बदललं?”

मी दारातून पुढे आलो. त्या स्टुलाकडे मी पाहिलं नाही. माझा हात पेडलकडे गेला, हे मी कबूल करतो. ठिणगीने माझ्याकडे न बघताच डबी उचलली, मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

मग मी उभा राहिलो. मुलाखत संपेपर्यंत. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं नाही.

दिवा विझला तेव्हा ठिणगीने वर पाहिलं. आधी काचेतल्या कात्रणाकडे, मग माझ्याकडे.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं. माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

“तुला ऐकू नाही आलं?”

“नाही.”

“बाबा, तू इथेच उभा होतास.”

७

कार्यक्रम झाला. ठिणगीने ते पेडल नेलं नाही आणि स्टेजवरून माझं नावही घेतलं नाही, असं मला तिच्या बँडच्या ड्रमवाल्याकडून कळलं. भिंतीवर चौकटीच्या जागी आता फिकट चौकोन उरला आहे. चौकट कुठे गेली, हे मी विचारलेलं नाही.

पेडल तिच्या खोलीत आहे.

बाईंनी पाठवलेलं पत्र मी खणातून काढून टेबलावर ठेवलं आहे. शेजारी कोरी वही. संपादकाला मी फोन केला, एका जुन्या बातमीची दुरुस्ती छापायची आहे म्हणून. या वेळी त्याने उचलला. “छापू की,” तो म्हणाला. “त्या काय म्हणाल्या होत्या, तेवढं लिहून पाठवा.”

म्हणून मी रोज सकाळी, लाल पेन बाजूला ठेवून, ठिणगीला विचारतो. आवाज न चढवता. एकच प्रश्न, पुढचा न जुळवता. ती माझ्यासमोर स्टुलावर बसते. रागावलेली नसते. उलट तिला माझी कीव येत असावी, असं वाटतं. बोलण्याआधी ती डाव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर ठेवते. ही सवय तिला नव्हती.

मग तिचे ओठ हलतात.

खिडकीबाहेरचा हॉर्न मला ऐकू येतो. स्वयंपाकघरात नळ ठिबकतो, तो ऐकू येतो. ती ‘चहा घेतलास का’ विचारते, तेही ऐकू येतं. कान तपासून आलो, डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहेत. पण या एका प्रश्नावर तिचे ओठ बराच वेळ हलत राहतात, मी पेन घेऊन पुढे वाकतो, आणि वही कोरी राहते. तिचं बोलून झालं की ती थांबते आणि माझ्याकडे पाहते, आलं का, अशा नजरेने.

काल बेरीज केली. एकवीस मिनिटं.

वहीच्या पहिल्या पानावर मी तारीख आणि वेळ टाकली आहे. त्याखाली प्रश्न. त्याखालच्या ओळीवर गेली तीस वर्षं माझा हात आपसूक जे वाक्य लिहीत आला, ते आजही लिहायला गेला होता. मी तो आवरला. ठिणगी गप्प राहिली, असं मी लिहिणार नाही.